सोलापूरच्या उन्हात परसातील कोंबड्या कशा सांभाळाव्यात

परसात कोंबड्या पाळायचे मनात आले की बहुतेक जण आधी जातीची चौकशी करतात आणि मग खाद्याच्या भावाची. सोलापुरात हा क्रम बदलावा लागतो. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर सहज जातो, नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि कोंबडीला तर घामच येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढाच उपाय तिच्यापाशी असतो. म्हणून परसात दुपारी दोन वाजता सावली कोठे असते आणि चार दिवसांचे पाणी कोठे साठवता येईल, हे पक्के झाल्यावरच पहिली कोंबडी घरी आणावी.

दुपारी दोनचा उल्लेख मुद्दाम केला आहे. हद्दवाढ भागातील आमच्या घरी पहिल्या वर्षी मी सकाळी दहा वाजता कडुनिंबाच्या सावलीत पाण्याचे लोखंडी घमेले भरून ठेवले आणि निर्धास्तपणे कामाला गेलो. सावली सरकली, घमेले उन्हात आले आणि त्यातील पाणी बोट बुडवता येणार नाही इतके तापले. संध्याकाळी परत आलो तेव्हा सहांपैकी दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, पत्र्याच्या खुराड्याच्या आडोशाला माना टाकून पडल्या होत्या. शेजाऱ्यांनी मानमोडी रोगाची शंका काढली; पण उरलेल्या चौघी गार पाणी मिळताच तासाभरात सावरून दाणे टिपू लागल्या, तेव्हा ती चूक माझीच होती हे उघड झाले. तेव्हापासून पाणी मातीच्या पसरट परळात आणि घराच्या पूर्वेकडील भिंतीलगत ठेवतो, कारण दुपारनंतर तेथे हमखास सावली असते.

मोठी कोंबडी थंडीत दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते आणि कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. आठ कोंबड्यांना चार लिटर आणि सांडलवंड धरून पाच लिटर, असा हिशोब ठेवला की नळाची पाळी चुकली तरी धावपळ होत नाही. परळातील पाणी दिवसातून तीनदा बदलावे आणि उरलेले शेवग्याच्या बुंध्यात ओतावे. फार तलखी असेल त्या दिवशी एका वेळच्या पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालावे, मात्र असे पाणी तीन-चार तासांत संपले नाही तर टाकून द्यावे, कारण ते लवकर आंबते.

खुराडे बांधताना त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड भिंतींवर पडते. लांब बाजूंना खाली दीड फूट भिंत आणि वर जाळी असावी. छताला पत्राच घालणार असाल, आणि बहुतेकांना तोच परवडतो, तर त्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावेत आणि मार्चमध्ये त्यावर उसाच्या पाचटाचा किंवा जुन्या कडब्याचा वीतभर थर अंथरून दोरीने बांधावा. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड झाली की पाचट मागेल त्याला मिळते. फक्त दिव्याची वायर त्या थराजवळून नेऊ नये. पश्चिमेच्या बाजूला बारदान टांगून ते दुपारी दोन-तीन वेळा भिजवावे. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे ओल्या बारदानातून येणारा वारा चांगलाच गार लागतो. पावसाळ्यात मात्र हेच बारदान काढून ठेवावे.

रात्री मुक्कामासाठी प्रत्येक पक्ष्याला दोन चौरस फूट जागा पुरते. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बसण्यासाठी गोल दांडी लावावी, कारण कोंबडीला उंचावर झोपण्याचीच सवय असते. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदीचे एक अंधारे खोके ठेवावे आणि त्यात भुसा घालावा. जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ चिकन जाळी कोंबडीला अडवते, पण कुत्रा ती फाडतो आणि मुंगूस तिच्याखालून उकरून आत शिरते. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डिंग केलेली जाळी घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर पुरावी. दिवसा घारीचे भय लहान पिल्लांनाच असते, आणि त्यांच्यावर डालगे पालथे घातले की ते भागते.

आता जातीविषयी. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, स्वतः खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसते, पिल्ले वाढवते आणि ऊनही सोसते. हैदराबादला तयार झालेली वनराजा आणि बंगळूरची गिरिराज या सुधारित जाती शंभराच्या पुढे अंडी देतात व वजनालाही भरतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि अंग जड असल्याने उन्हाचा त्रास त्यांना अधिक होतो. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याची चर्चा फार झाली. मात्र घरच्या अंड्यांसाठी तो घेण्यात मला अर्थ दिसत नाही. नवख्याने पाच-सहा गावरान तलंगा घ्याव्यात. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते आणि दाट वस्तीत पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना आवडेलच असे नाही. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो.

पक्षी आणण्याची योग्य वेळ दसरा ते दिवाळी ही आहे. या काळात सहा ते आठ आठवड्यांची, पिसे फुटलेली पिल्ले आणली की ती एप्रिलपर्यंत पूर्ण वाढीची होतात आणि पहिला उन्हाळा निभावून नेतात. एक दिवसाची पिल्ले आणल्यास पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करावी लागते. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजत आहे, आणि कडेला जाऊन धापा टाकत असतील तर दिवा वर उचलावा, असे समजावे. मे महिन्यातील दुपारी तर दिवा चक्क बंद ठेवावा.

खाद्याच्या बाबतीत सोलापूरकर सुदैवी आहे, कारण ज्वारी घरातच असते. तरीही नुसत्या ज्वारीवर कोंबडी अंड्यावर टिकत नाही. ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात आणि अंड्यावरील कोंबडीला सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. बंदिस्त कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम तयार खाद्य द्यावे; परसात मोकळी फिरून किडे, गवत आणि खरकटे खाणाऱ्या गावरानला 50 ते 60 ग्रॅम भरड पुरते. भरडलेल्या ज्वारीत किंवा मक्यात सोयाबीनची पेंड मिसळावी. शेंगदाण्याची पेंडही चालते, पण तिला ओल लागून बुरशी आली तर तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीचे यकृत निकामी करते. कुबट वास येणारी पेंड कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले की शिंपल्यांचा भुगा वेगळ्या वाटीत ठेवावा. अन्न पचताना अंगात उष्णता वाढते, म्हणून उन्हाळ्यात खाद्य उजाडताच आणि दिवस मावळताना द्यावे.

लहान पिल्लांसाठी वाळवीइतके चांगले खाणे नाही, आणि ती फुकट मिळते. जुन्या मडक्यात ओले शेण, गोणपाटाचे तुकडे आणि कडब्याची चिपाडे भरावीत, वर पाणी शिंपडावे आणि ते मडके वाळवी असलेल्या जागी संध्याकाळी पालथे घालावे. सकाळी मडके उचलून पिल्लांपुढे झटकले की पांढरी वाळवी वळवळत पडते आणि पिल्ले अक्षरशः तुटून पडतात. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचा खाद्य म्हणून बराच गवगवा आहे. परंतु पाण्याची टंचाई असलेल्या घरात त्याचा हौद भरत बसण्यापेक्षा शेवग्याचा पाला किंवा लसूणघास टांगून ठेवणे सोपे, असे माझे मत आहे.

रोगांपैकी मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा सर्वांत घातक. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात टाकतात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस देतात आणि आठ-दहा आठवड्यांनी राणीखेतची दुसरी लस टोचून घेतात. देवीची लसही त्याच सुमारास होते. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. अडचण अशी की लशीची कुपी सहसा शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या गल्लीत आम्ही सारे कोंबडीवाले एकच दिवस ठरवतो, लस बर्फासह थर्मासमध्ये आणतो आणि ऊन चढण्यापूर्वी घरोघरी जाऊन देतो.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. सोलापूरचा मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो. त्या महिन्यात खुराड्यातील भुसा ओला राहिला की पिल्लांना रक्ती हगवण लागते, तेव्हा भुसा दररोज हलवावा आणि ओला भाग लगेच काढून टाकावा. उन्हाळ्यात लाकडाच्या फटींत गोचीड लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यासाठी फटींत चुना भरावा. अंगावरील उवांसाठी कोपऱ्यात चुलीची राख आणि बारीक माती ठेवली की कोंबड्या स्वतःच लोळून घेतात. एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते उघड्यावर फेकू नयेत, दवाखान्यात कळवावे. देशातील पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला होता.

अंडी उन्हाळ्यात दुपारी बारापूर्वी आणि सायंकाळी अशी दोनदा गोळा करावीत. कोंबडा असेल तर ती फलित असतात आणि आपल्याकडील मे महिन्याच्या उकाड्यात खोलीत ठेवल्या ठेवल्या गर्भ वाढू लागून आत रक्ताची रेघ दिसते. अंडी धुऊन साठवू नयेत, कारण धुतल्याने कवचावरील नैसर्गिक थर निघून जातो. उबवणीसाठी आठवड्याच्या आतील दहा-बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. ढगांच्या गडगडाटाने अंडी नासतात म्हणून माझी आजी टोपलीत खिळा ठेवत असे. मी तो आजही ठेवतो, पण उबवणी शक्यतो थंडीतच घालतो.

निघालेल्या पिल्लांत निम्मे तरी नर असतात आणि पाच महिन्यांनंतर ते आपसांत भांडण्यापलीकडे काही करत नाहीत. ते आखाडापर्यंत सांभाळावेत, कारण त्या महिन्यात देवकार्यासाठी आणि श्रावणाआधीच्या जेवणावळींसाठी गावरान कोंबड्याला सर्वाधिक भाव येतो. श्रावण लागला की तोच कोंबडा कोणी विचारत नाही आणि महिनाभर त्याला ज्वारी घालत बसावे लागते.