नायट्रो ट्रकला मोठं इंजिन बसवताना

सोयाबीनची रास झाली की लातूरच्या आसपासची रानं मोकळी होतात आणि आमच्या रिमोटवर पळणाऱ्या, नायट्रो इंधनाच्या छोट्या ट्रकांना मैदान मिळतं. अशाच एका रानात माझं पंधराचं इंजिन जाम झालं. उघडून बघितलं तर लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिच्यावर, उभे ओरखडे. एअर फिल्टर नवाकोरा होता, पण त्याच्या रबरी मानेवर झिप टाय ओढायचा राहिला होता. तेवढ्या फटीतून काळ्या मातीची धूळ आत गेली. नवं इंजिन बसवायला एक दुपार पुरते. ते किती दिवस चालेल हे मात्र अशाच बारीकसारीक गोष्टींवर ठरतं.

आधी आकडे. इंजिनाच्या डब्यावरचे १५, १८, २१ म्हणजे घन इंचाचे शंभरावे भाग. एक घन इंच म्हणजे १६.३९ सीसी, त्यामुळे १५ म्हणजे जवळपास अडीच सीसी, १८ म्हणजे तीनला किंचित कमी, २१ म्हणजे साडेतीनच्या आतबाहेर. ट्रॅक्सस कंपनीच्या इंजिनांवर मात्र थेट सीसीच असतात, उदाहरणार्थ ३.३. पंधरावरून अठरावर जाणं सोपं. एकदम एकवीस टाकायचं तर बहुतेकदा माउंट (इंजिनाची बैठक), क्लच सगळंच बदलावं लागतं, आणि एवढं करूनही पहिल्या उडीत डिफरन्शियलचे, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचे, दात जातात. माझं मत विचाराल तर अठरावर थांबा.

ऑर्डर देण्याआधी जुनं इंजिन समोर ठेवा. माउंटच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा दांडा) साधा आट्यांचा आहे की एसजी नावाचा वेगळ्या टोकाचा, एक्झॉस्ट बाजूला निघतो की मागे, कार्ब, म्हणजे कार्बोरेटर, सरकणारा आहे की फिरणारा, हेही बघून घ्या. यातलं एक जरी चुकलं तरी इंजिन कपाटात पडून राहतं.

आता टाकी रिकामी करा. हे इंधन पेट्रोल नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण आहे. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही आणि ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जाऊ शकतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नका. मग एक्झॉस्टचा पाइप, इंधनाच्या नळ्या, थ्रॉटलची तार आणि माउंटचे स्क्रू काढा की इंजिन हातात येतं.

फ्लायव्हीलचा (शाफ्टवरच्या जड चाकाचा) नट सुटत नाही म्हणून एक्झॉस्टच्या भोकात स्क्रूड्रायव्हर अडकवायचा मोह होईल. तसं केलंत तर लायनर गेलाच म्हणून समजा. फ्लायव्हील पान्याने धरा आणि पुलरने ओढून काढा. नव्या शाफ्टवर कोलेट (फ्लायव्हील घट्ट धरणारी निमुळती कडी), फ्लायव्हील, क्लच शू (वेगात बाहेर फाकणारे तुकडे) याच क्रमाने चढवा. वर क्लच बेल, म्हणजे क्लचची दाते असलेली वाटी, बसवली की ती बोटाने किंचित पुढेमागे हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर शिम (पातळ वॉशर) कमी करा, नाहीतर बेअरिंग जळेल.

इंजिन चॅसीवर ठेवून स्क्रू अर्धवट आवळा. वहीच्या पानाची पट्टी क्लच बेल आणि मोठ्या गिअरच्या मध्ये घाला, इंजिन गिअरवर दाबून धरा आणि स्क्रू घट्ट करा. पट्टी फिरवून बाहेर काढा. तिच्यावर दातांची नागमोडी घडी उमटलेली हवी, पण कागद फाटलेला नको. फाटला तर गिअर फार जवळ आहेत. जमलं की एकेक स्क्रू काढून थ्रेड लॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, लावा. रिमोटचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागणारी सेटिंग) ब्रेकवर आहे ना, हेही आत्ताच बघा; नाहीतर सिग्नल तुटला की ट्रक थेट विहिरीच्या दिशेने सुटतो.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. नव्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला गच्च बसतो. इंजिन सुरू करायची दोरी ओढली जात नसेल तर जोर लावू नका, ग्लो प्लग (हेडमधला इंधन पेटवणारा प्लग) पाव फेरा सैल करा. मेमध्ये लातूर चाळिशीपार तापलेलं असलं तरी हेड हेअर ड्रायरने गरम करूनच सुरू करा. पहिल्या पाच टाक्या इंधन जास्त ठेवून, थ्रॉटल अर्ध्याच्या आत ठेवून चालवा. टाकी संपली की पिस्टन खाली आणून इंजिन पूर्ण निवू द्या. मी दुसऱ्याच टाकीला फुल थ्रॉटल ओढला तेव्हा शेजारचे मिस्त्रीमामा ओरडले, "घाई कशाला करलालास? निवू दे की जरा!" मात्र नुसता धूर ओकत थंड इंजिन चालवणंही बरं नाही.

त्यानंतर ट्यूनिंग. कार्बमधली इंधन कमीजास्त करणारी सुई एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच फिरवा. हेडचं तापमान साधारण १०५ ते १२५ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक, चर्र करून लगेच गेला तर इंजिन फार तापलंय, सुई उघडा. दुपारी जमवलेलं ट्यूनिंग डिसेंबरच्या पहाटे चालत नाही. थंड हवा दाट असते, इंधन कमी पडतं आणि इंजिन तापतं. सकाळी सुई थोडी उघडूनच सुरुवात करा.

खेळ संपला की टाकीतलं इंधन जाळून संपवा आणि आफ्टर रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज रोखायला घालायच्या तेलाचे) चार थेंब इंजिनात सोडा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, बेअरिंग गंजतं. पिस्टन खाली असतो त्या जागी मी फ्लायव्हीलवर नेलपॉलिशची खूण केलीय. आणि रानात जाताना तेलात भिजवून पिळलेला एअर फिल्टरचा जादा फोम एका पिशवीत बांधून नेतो, सोबत दोन झिप टाय.