लिस्बन ते माद्रिद: विमान सव्वा तासाचं, हिशोब पाच तासांचा

लिस्बनहून माद्रिदला जायचं ठरलं की बॅगांच्या आधी घड्याळाचं बघा. दोन्ही शहरांमधलं हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर, रस्त्याने 625 च्या आसपास. विमानाला सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं लागतात. पण पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या बारा महिने एक तास मागे असतं. म्हणून 10:00 ला सुटणारं विमान तिकिटावर 12:20 ला पोहोचतं, आणि परतताना 15:00 ला निघून 15:20 ला लिस्बनला उतरतं. छपाईची चूक समजून कंपनीला फोन करू नका. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहरातली असते.

खरं तर माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण 1940 मध्ये स्पेनने घड्याळ तासभर पुढे केलं ते तसंच राहिलं. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाला मावळतो, दुपारचं जेवण दोननंतर. बरोबर म्हातारी माणसं किंवा मधुमेही असतील तर पहिल्या दिवसासाठी खाणं जवळ ठेवाच. बाराला भूक लागली तर नीट जेवण मिळायला बराच वेळ लागेल.

आता घर ते घर हिशोब मांडा. साडेसातला मुक्कामाहून निघालात, आठला विमानतळावर. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाइन थेट तिथे जाते. मात्र ती टर्मिनल 1 ला सोडते. स्वस्त कंपन्यांची बरीच उड्डाणं टर्मिनल 2 वरून असतात आणि तिथे फुकटच्या बसने जावं लागतं, त्यामुळे टर्मिनल आदल्या रात्रीच पाहून ठेवा. माद्रिदला उतरल्यावर सामान आणि 8 नंबरची मेट्रो धरून मध्यवस्तीत पोहोचेपर्यंत दीड वाजतो. घड्याळात सहा तास दिसतात, पण त्यातला एक दोन घड्याळांमधल्या फरकाचा, म्हणजे सगळे मिळून पाच तास. प्रादो संग्रहालयाचं तिकीट त्या दुपारचं काढू नका. सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 तिथे प्रवेश मोफत असतो, तो वेळ उत्तम.

व्हिसा दोन्हीकडे एकच, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं हवं. दोन शहरांमध्ये सहसा शिक्का बसत नाही, तरी पासपोर्ट हातातल्या पिशवीतच असू द्या. पॉवर बँकही तिथेच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. लोणचं मात्र उलट: तेलाचं म्हणून ते द्रवात धरतात आणि 100 मिलीच्या वर असलं तर तपासणीत काढून ठेवतात. घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका.

रेल्वेचा विचार असेल तर थेट गाडी नाही. लुसितानिया नावाची रात्रीची गाडी मार्च 2020 मध्ये थांबली. बसला आठेक तास लागतात. मला पाठदुखी असल्याने मी विमानच धरते.

उतरल्यावर फोन विमान-मोडमधून बाहेर काढा, तोवर तो लिस्बनचीच वेळ दाखवतो. मनगटावरचं घड्याळ स्वतः पुढे करा. घरी फोन करायचा असेल तर उन्हाळ्यात माद्रिदच्या वेळेत साडेतीन तास मिळवा, हिवाळ्यात साडेचार. तिथे संध्याकाळचे सात वाजले असतील तेव्हा इकडे आई झोपायच्या तयारीत असते.