डीएसएलआर घ्यावा का छोटा वॉटरप्रूफ? पाणी नसलेल्या भागातून सांगतो

लोह्याहून भाच्याचा फोन आला. मामा, पैसे साठवलेत, आता चांगला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घेऊ का ते पाण्यात चालणारे छोटे कॅमेरे येतेत त्यातला घेऊ. तो बोलत होता तेवढ्यात मागून त्याची आजी म्हणायली, वॉटरप्रूफ घेऊन काय करतो रे, टँकरचे फोटू काढतो का. मी लई हसलो. पण नंतर विचार केला तर म्हातारीनं प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारला होता, फक्त त्याचं उत्तर तिला वाटतं त्याच्या उलटं आहे. आपल्याकडं वॉटरप्रूफ कॅमेरा पाण्यासाठी घ्यायचाच नसतो, धुळीसाठी घ्यायचा असतो. ज्या फटीतून पाणी जात नाही तिच्यातून फुफाटा पण जात नाही, एवढं साधं आहे ते.

हे मला कळलं ते पैसे घालून कळलं. काही वर्षांमागं मी नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत डीएसएलआर घेऊन गेलो, खंडोबाची पालखी, येळकोट येळकोट चाललेलं, भंडारा उधळायलेत, फोटो तर असे की बास. आणि त्या गर्दीत मला घोडे लांबून घ्यायचे म्हणून मी लेन्स बदलली. उभ्याउभ्या. दहा सेकंद लागले असतील. घरी येऊन फोटो उघडले तर आभाळात प्रत्येक फोटोत त्याच जागेवर काळे ठिपके, आणि झूमची रिंग फिरवली की आतून खर्र खर्र. भंडारा हळदीचा, लई बारीक असतो तो, आणि झूम लेन्स लांब-आखूड होताना भात्यासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर सगळं आत. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा चौकोन, साफ करून घेतला, लेन्स खोलून घेतली, तरी रिंगच्या खाचेत पिवळं अजून दिसतं.

म्हणून सांगतो, दुकानात जायच्या आधी मोबाईलची गॅलरी उघडा. मागच्या वर्षभराचे फोटो बघत खाली जा आणि कागदावर चार खाने पाडा: अंधारात काढलेले, लांबून काढलेले, धुळीत-पाण्यात काढलेले, आणि एकदम जवळून बारीक वस्तूचे. प्रत्येक फोटोला रेघ मारा. जे फोटो काढायचे होते पण मोबाईल बाहेर काढायची भीती वाटली म्हणून राहिले, त्यांच्या पण रेघा मारा, त्या तर आधी मारा. कुठल्या खान्यात रेघा जास्त पडल्या त्याच्यावर कॅमेरा ठरतो, यूट्यूबवरच्या रिव्ह्यूवर नाही. भाच्याला मी हेच करायला लावलं, त्याचं पुढं सांगतो.

अंधाराचा खाना जड असेल तर डीएसएलआरच घ्या, इथं वाद नाही. कारण सेन्सर. निकॉन डी ७५०० सारख्या कॅमेऱ्यात सेन्सर साधारण २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा असतो, आणि ऑलिंपस टीजी ६ सारख्या छोट्या वॉटरप्रूफमधी ६.२ बाय ४.६ च्या आसपास. म्हणजे एक टपालाच्या लहान तिकिटाएवढा आणि दुसरा तुरीच्या दाण्याएवढा, क्षेत्रफळ काढलं तर तेरापट फरक पडतो. आता माहितीपत्रकात टीजी ६ ची लेन्स एफ २ लिहिलेली असते आणि किट लेन्सवर, म्हणजे डीएसएलआरबरोबर डब्यातच येते तिच्यावर, एफ ३.५ (हा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं), ते बघून माणसाला वाटतं छोट्याची लेन्स तर जास्त उजेड घेते मग तोच भारी. तसं नसतंय. भांडंच लहान असेल तर तोंड मोठं करून किती पाणी धरणार.

अजिंठ्याला गेलात तर हे लगेच कळतं. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश मारू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, रंग जपायचेत. ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. मग पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीसमोर अंधुक उजेडात हातात धरूनच काढायचा फोटो. मी ३५ मिमी एफ १.८ लेन्स लावून, आयएसओ (कॅमेऱ्यानं उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ३२००, शटर १/४० सेकंद ठेवून काढलेला फोटो अजून भिंतीवर आहे. तेच छोट्या कॅमेऱ्यातून आयएसओ १६०० वरच चेहऱ्यावरची रेषा पुसल्यासारखी व्हायला लागते, कॅमेरा अंधारात फोटोवर येणारे दाणे घालवायला जातो आणि दाण्याबरोबर चित्र पण घालवतो. (जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, बंद असतं. वेरूळ मंगळवारी. संभाजीनगरला उतरून हे कळलेले पाहुणे मी बघितलेत.)

लांबच्या खान्याचं पण तसंच. हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर रोहित पक्षी येतेत, ते काय तुमच्या जवळ येऊन उभे राहणार नाहीत. छोट्याचा झूम १०० मिलिमीटरसारखा होऊन संपतो (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं, लहान तेवढं रुंद दिसतं), त्यात रोहित म्हणजे गुलाबी टिंब. डीएसएलआरवर ७०-३०० लावली की सेन्सरमुळं ती ४५० सारखं काम करते, तरी पाणकाठावर पोटावर पडावंच लागतं.

रुंद फोटोत मात्र लोकांचा गैरसमज आहे. बारवेचे फोटो काढायचे म्हणून डीएसएलआर घ्यायलो असं एकजण सांगायला होता, म्हणलं बाबा किट लेन्स १८ मिमीला २७ सारखी दिसते आणि टीजी ६ सगळ्यात रुंद २५. म्हणजे वालूरच्या गोल बारवेत उतरून वर बघून फोटो काढला तर किट लेन्सपेक्षा छोटाच जरा जास्त पायऱ्या बसवतो. डीएसएलआरचा खरा फायदा घ्यायचा असेल तर १०-२० सारखी वेगळी लेन्स लागते, ती १५ ला जाते, आणि मग तिचे पैसे वेगळे. हीच डीएसएलआरची गोम आहे, कॅमेरा म्हणजे नुसतं जोतं, घर लेन्सनं उठतंय. सगळे पैसे बॉडीत घालून किट लेन्सवर बसणाऱ्यापेक्षा जुनी बॉडी आणि एक ५० किंवा ३५ मिमी एफ १.८ घेणारा शहाणा.

आता ज्याच्यात छोटा कॅमेरा डीएसएलआरला खाऊन टाकतो ते सांगतो, आणि ते शेतकऱ्याच्या पोरांनी नीट वाचा. टीजी मालिकेत मायक्रोस्कोप मोड असतोय, लेन्सच्या टोकापासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो. कपाशीच्या पानाच्या खालच्या बाजूचे तुडतुडे, मावा, बोंड फोडल्यावर आत बसलेली गुलाबी अळी, सगळं स्क्रीन भरून. भाच्यानं माझ्या मित्राचा कॅमेरा एक दिवस नेऊन सोयाबीनच्या शेंगेवरची अळी काढली होती तर तिच्या अंगावरचे केस मोजता येत होते. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसाला किंवा कृषी सहायकाला नुसतं पानं पिवळी पडायलेत म्हणून सांगण्यापेक्षा असा एक फोटो पाठवला की बोलणं लवकर मिटतं. आणि हात चिखलाचे, अंगावर फवारणीच्या तुषाराची भीती, कॅमेरा खिशात, संध्याकाळी धुऊन टाकला, झालं. डीएसएलआरनं हे करायचं तर वेगळी मॅक्रो लेन्स, आणि वर कपाशीच्या ओळीत ती सांभाळत बसायचं.

एक गोष्ट दुकानदार हमखास गोल फिरवून सांगतो. महागड्या डीएसएलआरवर वेदर सील्ड लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वॉटरप्रूफ नाही. बटणांच्या कडेला, झाकणांना रबर लावलेलं असतं, भुरभुर पाऊस आला तर पळून आडोसा गाठेपर्यंत टिकेल एवढंच. त्यात लेन्सच्या मागच्या, कॅमेऱ्यावर बसणाऱ्या गोलाला पण रबराची कडी नसेल, आणि स्वस्त किट लेन्सला ती बहुतेक नसतेच, तर पाणी तिथूनच आत. धबधब्यावर, म्हणजे सहस्रकुंडाला म्हणा नाहीतर नळदुर्गच्या नर-मादीला, तुषार लागतील एवढ्या जवळ डीएसएलआर न्यायचा तर प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड मारायचा. दिसायला गबाळं दिसतं पण चालतं.

आता पाण्याचं. टीजी ६ आणि त्याच्यानंतर २०२३ ला आलेला टीजी ७, दोन्ही १५ मीटरपर्यंत चालतेत, वेगळी पेटी न लावता. आमच्या विहिरीत मे मधी पाणी गुडघ्याएवढं, त्यामुळं ती १५ मीटरची परीक्षा आमच्याकडं कधी झाली नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत विहीर भरलेली असते, पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकायलेत, तेव्हा अर्धी लेन्स पाण्यात अर्धी वर धरून काढलेला फोटो बघा, वर मामाचं ओरडणारं तोंड आणि खाली हिरव्या पाण्यात मारलेले पाय. असा फोटो चाळीस हजाराच्या लेन्सनं निघत नाही.

पण वॉटरप्रूफ म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नाही. बॅटरीचं दार हीच त्याची दुखरी जागा. दाराच्या कडेला जी रबराची पट्टी असते तिच्यावर एक केस, एक वाळूचा कण, कापसाचा एक तंतू जरी बसला तरी पाणी आत जातं. म्हणून पाण्यात जायच्या आधी दार उघडायचं, कोरड्या मऊ कापडानं पट्टी पुसायची, बोट फिरवून बघायचं, मग दाबून लावायचं आणि खिटी लागल्याचा आवाज ऐकायचा. विहिरीच्या काठावर ओल्या हातानं कार्ड बदलायचं नाही म्हणजे नाही. ती पट्टी वर्षातून एकदा बदलून घ्यावी लागते, हा खर्च कुणी आधी सांगत नाही. दुसरं म्हणजे उन्हात तापलेला कॅमेरा थेट गार पाण्यात घालू नका, लेन्सच्या आतून धुकं धरतं आणि मग दुपारभर सगळे फोटो पुसट. पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवा आधी. तसं दोन्ही जातींच्या माहितीपत्रकात कमाल ४० अंश लिहिलेलं असतं, आपल्याकडं मे मधी ४२-४३ म्हणजे नेहमीचंच, त्यामुळं गाडीच्या डॅशबोर्डवर तर कुठलाच ठेवू नका.

आणि हे कॅमेरे तरंगत नाहीत. बुडतेत. मित्राचा बुडाला होता, मग बादली काढायचा गळ आणून दीड तास विहिरीत फिरवला, पट्ट्यात अडकून वर आला आणि चालू होता. तेव्हापासून त्यानं फोमचा केशरी पट्टा बांधलाय. तुम्ही आधीच बांधा.

बॅटरी: डी ७५०० एका चार्जिंगमधी ९५० च्या आसपास फोटो देतो, टीजी ६ साधारण ३४०. लग्नाचं काम धरायचं असेल, रात्री लाईट गेलेली असेल, तर हा फरक लई मोठा आहे. छोट्याला दोन बॅटऱ्या जास्तीच्या घ्याच.

जुना घ्यायचा विचार असेल तर डीएसएलआर जुना घ्या, वॉटरप्रूफ जुना कधीच घेऊ नका. कॅनन आणि निकॉननं सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, लावल्यापासून चांगले डीएसएलआर लोक स्वस्तात काढायलेत. घेताना शटर काउंट, म्हणजे आजपर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा, डी ७५०० चं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं असतं, तीस-चाळीस हजार झाले असतील तर घाबरायचं कारण नाही. लेन्समधून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. एफ १६ ठेवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा, ठिपके दिसले तर कुणीतरी माझ्यासारखा यात्रेत लेन्स बदलून आलाय. ठिपके साफ होतेत, पण किंमत कमी करायला कामाला येतेत. वॉटरप्रूफचं मात्र असं काहीच बाहेरून कळत नाही. तो किती वेळा पडला, रबर किती वर्षांचं, दारात वाळू गेली होती का, हे तुम्ही विहिरीत उतरल्यावरच कळणार.

मोबाईल आता पाण्यात चालतो की, असं कुणीतरी म्हणणारच. पाऊस-बिऊस ठीक आहे, पण पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही आणि पाणी गेलं तर वॉरंटीवाले बहुतेक हात वर करतेत.

तर भाच्यानं रेघा मारल्या. अंधार अकरा, लांबचे नऊ, धूळ-पाणी चौतीस, जवळून बारीक सव्वीस, कारण पोरगं दिवसभर शेतात असतं आणि आखाड्यावर क्रिकेट खेळतं. मला वाटलं होतं डीएसएलआरच्या हौसेनं खोट्या रेघा मारेल पण नाही मारल्या. छोटा घेतला त्यानं, नवा, डब्यातून काढलेला. उरलेल्या पैशात दोन बॅटऱ्या आणि केशरी पट्टा. चुलतभावाच्या हळदीला माझा डीएसएलआर मागायलाय, मी हो म्हणलंय, पण हळद खेळायला सुरुवात झाली की तो पिशवीत घालून चेन लावायची आणि आपला खिशातला काढायचा, या अटीवर.