अपघाताचा पोलीस रिपोर्ट: आधी नंबर लिहून घ्या

अपघाताच्या जागेवरून निघण्याआधी पोलिसांकडून एक गोष्ट मागून घ्या: नोंदीचा क्रमांक. तो नसेल तर पुढे तारीख, वेळ, रस्ता, गाडीचा नंबर सांगत शोधाशोध करावी लागते आणि त्यात अख्खा दिवस मोडतो. क्रमांक लक्षात राहील या भरवशावर राहू नका, लगेच मोबाइलमध्ये टाइप करा; अशा वेळी डोकं ठिकाणावर नसतं. अधिकाऱ्याचं नाव आणि तो कुठल्या ठाण्याचा, हेही लिहा. महामार्गावर आलेले पोलीस बरेचदा वेगळ्या विभागाचे असतात. मग जवळच्या ठाण्यात कितीही खेटे घाला, कागद तिथे नसतोच.

रिपोर्ट सहसा त्याच दिवशी तयार होत नाही. तो मिळवायला अर्ज, ओळखपत्र, बहुधा थोडी फी लागते. काही ठिकाणी ऑनलाइनही मिळतो. विमा कंपनीसाठी साधी झेरॉक्स नको, सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत मागा.

प्रत हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. गाडीचा नंबर, तारीख आणि मुख्य म्हणजे अपघाताच्या जागेचा नकाशा असेल तर तो. डावीकडून आलेली गाडी बाणाने उजवीकडून दाखवली, की सगळी गोष्टच उलटते. नंबरातला एखादा आकडा चुकला असेल तर गाडीची कागदपत्रं दाखवून दुरुस्ती मागता येते. चूक कोणाची, याबद्दलचं अधिकाऱ्याचं मत मात्र तुमच्या सांगण्यावरून सहसा बदलत नाही. तिथे हुज्जत न घालता फोटो जोडून लेखी पुरवणी जबाब द्या आणि त्याची पोच घ्या.