"ही सही माझी नाहीच"

इचलकरंजीत मी सूत विकतो. उधारीवर बाचकी देताना जामीनदाराकडून बिनशर्त हमीपत्र घेतलं की झालं, असं मलाही वाटायचं. मग एका यंत्रमागवाल्याने अकरा लाख थकवले आणि जामीनदार असलेला त्याचा मेहुणा म्हणाला, "ही सही माझी नाहीच."

बिनशर्त म्हणजे सूत तुटतं, काउंट (सुताची जाडी) चुकला, असली रड जामीनदाराला लावता येत नाही. करार कायदा १८७२, कलम १२८ नुसार आधी मूळ देणेकऱ्याच्या मागे लागायचीही सक्ती नसते. पण सहीच नाकारली की 'बिनशर्त' शब्द उपयोगाचा नाही. सही त्याचीच, हे आपण दाखवायचं.

म्हणून मूळ कागद जपा. लॅमिनेशन नको, पेनाची खूण नको. झेरॉक्सवर पेनाचा दाब दिसत नाही, हस्ताक्षरतज्ज्ञ मूळच मागतो. स्टॅम्प कमी असेल तर फरक आणि दंड भरल्याशिवाय कागद पुराव्यात येत नाही.

मग त्याच सुमाराच्या सह्या शोधा. वादानंतरच्या, अगदी वकीलपत्रावरच्याही, फार भरवशाच्या नाहीत. माणूस मुद्दाम वळण बदलतो. मला मेहुण्याने हमीपत्राच्याच महिन्यात दिलेला चेक वठला होता. हल्ली वठलेल्या चेकचा मूळ कागद जमा करणाऱ्याच्या बँकेत राहतो, त्यामुळे माझ्याच शाखेत अर्ज करून भागलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४१ खाली सही ओळखणाऱ्याचं मतही चालतं. आमच्या मुनीमजींनी साक्ष दिली. तरी मला सगळ्यात भारी वाटला तो मेसेज: हमीपत्रासाठी स्वतःच्या फोनवरून त्याने पाठवलेली पॅनची प्रत. तो मेसेज आलेला माझा फोन मी अजून विकलेला नाही.

मागणीची नोटीस हमीपत्रातल्याच पत्त्यावर, पोचपावतीसह पाठवा. व्यापारी वाद तीन लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. मेहुणा तिथे फिरकलाच नाही. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली दावा, म्हणजे समोरच्याला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी लागते. सही नाकारली की कोर्ट बचावाची परवानगी देण्याची शक्यता असते. वकिलाला सांगा, रक्कम भरण्याची अट मागा. आमच्यात निम्मी भरायला लावली.

एक चूक मात्र अंगाशी येत होती. मधल्या काळात मी मागवाल्याला पैसे भरायला दोन महिने लेखी वाढवून दिले होते. करार कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय असं केलं तर तो सुटतो. आमच्या मजकुरात 'मुदत वाढवली तरी हमी कायम' ही ओळ होती म्हणून वाचलो. तुमच्या हमीपत्रात आहे का, कपाटातून काढून बघा.