मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा

आमच्या वाड्याच्या मागच्या भिंती कच्च्या विटांच्या. एका गवंड्याने त्यांवर सिमेंट मारलं. ओल आत कोंडली आणि तिसऱ्या पावसाळ्यात माती आतून भुगा होऊन पडली. तेव्हापासून मी चुन्याशिवाय काही लावत नाही.

कळीचा चुना घ्या, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे अजून पाण्यात न विझवलेले खडे; हवेतली ओल लागून फुटलेला नको. पिंपात आधी पाणी, मग थोडाथोडा चुना. उलटं कधीच करू नका. पाणी खदखदतं, शिंतोडे डोळ्यांत गेले तर इजा होते, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. गाळून घ्या आणि वर चार बोटं पाणी ठेवून निदान महिनाभर मुरू द्या. लोण्यासारखा झाला की कामाला आला. घाई इथेच नडते: न विझलेले कण नंतर भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात.

एक भाग चुना, तीन भाग धुतलेली टोकदार वाळू. पहिल्या थरात कापलेला ताग घाला, तडे कमी जातात. जुने गवंडी गूळ-हिरड्याचं पाणीही घालत.

भिंतीची सुटी माती झाडा, सांधे खरवडा, पाण्याचा नुसता फवारा मारा. भिजवलीत तर माती सुटते. थर बोटापेक्षा पातळ. ओला असताना थापीने दाबा, तडा दिसला की पुन्हा दाबा. आठवडाभर ओलं गोणपाट लावून उन्हापासून जपा.