मुलांची अंगठा चोखण्याची सवय कशी सोडवावी: वय, दात आणि रात्रीचा प्रश्न

तान्हं बाळ अंगठा चोखतं यात काळजीचं काहीच नाही. आईच्या पोटात असल्यापासून ते अंगठा तोंडात घालतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर कित्येक आईवडिलांनी ते पाहिलेलंही असतं. दूध पिता यावं म्हणून चोखण्याची ओढ बाळ जन्मतःच घेऊन येतं आणि त्यातूनच ते शांत होतं, झोपी जातं. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात. प्रश्न उरतो तो त्यापुढेही न सोडणाऱ्या मुलांचा. अशा घरांत दोन टोकं दिसतात. कुणी ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणत पहिली-दुसरीपर्यंत थांबतं, तर कुणी दीड वर्षाच्या लेकराच्या बोटाला मिरची लावतं.

दोन्ही चूक आहेत. बाटली लपवता येते, चोखणी टाकून देता येते, अंगठा मात्र रात्रंदिवस मुलाजवळच असतो. तो सोडायचं काम शेवटी मुलालाच करावं लागतं. आपण योग्य वेळ गाठायची आणि त्याला साथ द्यायची.

१. आधी वय बघा

तीन वर्षांच्या आत काही करू नका. टोकू नका, बोट ओढून काढू नका. हात स्वच्छ ठेवा, नखं कापलेली ठेवा, एवढं पुरे.

तीन ते चार हा तयारीचा काळ. मुलाला आता आपलं बोलणं कळतं, शाबासकीची गोडी कळते. दुधाचे वीसच्या वीस दात आलेले असतात, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना एकदा तोंड दाखवून घ्यायला हीच वेळ चांगली.

चार ते सहा हा खरा कामाचा काळ. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे पुढचे कायमचे दात येतात, सातव्या-आठव्या वर्षी वरचे मधले दोन. ते यायच्या आत सवय सुटली तर बिघडलेलं बरंचसं आपोआप सावरतं. कायमचे दात आल्यावरही अंगठा चालू राहिला, तर पुढे तार लावायची वेळ येण्याची शक्यता खूप वाढते.

२. तोंडात काय घडतंय ते पाहा

मूल अंगठा चोखत असताना एकदा नीट निरखून बघा. अंगठ्याचा मऊ भाग वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेला असतो आणि मागची बाजू खालच्या दातांवर. म्हणजे वरचे दात बाहेर ढकलले जातात, खालचे आत. मध्ये अंगठा असल्यामुळे वरचे-खालचे दात एकमेकांपर्यंत पुरते वाढत नाहीत आणि समोर फट राहते. जीभ एरवी टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देते. अंगठा आला की ती खाली दबते. त्याच वेळी चोखण्याने गाल आत ओढले जातात. आतला आधार गेला आणि बाहेरून दाब आला, की वरचा जबडा अरुंद होत जातो आणि टाळू खोल दिसू लागते.

दात सरकवायला मोठा जोर लागत नाही. दातांची तारसुद्धा हलक्या, सलग दाबावरच काम करते आणि अंगठा म्हणजे चुकीच्या दिशेने लावलेली तारच. दिवसाकाठी साधारण सहा तास दाब राहिला तर दात जागचे हलू शकतात, असं मानलं जातं. म्हणून झोपताना दहा मिनिटं अंगठा घेऊन सोडून देणारं मूल आणि रात्रभर तो तोंडात ठेवणारं मूल यांच्यात खूप फरक आहे. किती जोराने चोखतं यापेक्षा किती वेळ चोखतं हे जास्त महत्त्वाचं.

घरच्या घरी तपासणी अशी करा. मुलाला उजेडात बसवा. मागच्या दाढा मिटून ‘ई’ म्हणायला सांगा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जिभेचं टोक दिसेल एवढी फट आहे का? बाजूने पाहिलं तर वरचे दात खालच्यांच्या बरेच पुढे आहेत का? आता बाजूच्या दाढा बघा. एरवी वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेरून बसतात. एखाद्या बाजूला त्या खालच्या दाढांच्या आत बसत असतील, तर जबडा अरुंद झाल्याची ती खूण आहे आणि असं आपोआप सुधारेल याचा भरवसा धरू नये. मग आ करायला सांगून मोबाईलच्या टॉर्चने टाळू बघा.

जेवताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. पुढे फट असलेलं मूल पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडू शकत नाही. मान वाकडी करून बाजूच्या दातांनी ओढतं. बोलताना जीभ फटीतून बाहेर येते आणि ‘ससा’चा ‘थथा’ होतो. लहान मुलांत थोडं बोबडेपण असतंच, पण पाच वर्षांपुढे ते टिकलं आणि सोबत फटही असेल तर दोन्हींचा संबंध तपासून घ्यावा. पुढे आलेल्या दातांचा आणखी एक धोका आहे: खेळताना पडलं की पहिला मार त्यांनाच बसतो.

अंगठाही बघा. जो चोखला जातो तो दुसऱ्यापेक्षा स्वच्छ, पांढरट, सुरकुतलेला असतो. कधी सांध्यावर घट्टा पडतो. ‘आता मी नाही चोखत’ असं मूल सांगत असेल आणि घट्टा ताजा असेल, तर रागावू नका. झोपेतलं त्याला आठवत नसतं.

३. आठवडाभर नुसतं टिपून ठेवा

उपाय सुरू करण्याआधी एक आठवडा काहीही न बोलता नोंद करा: कधी, कुठे, किती वेळ. मोबाईल बघताना? गाडीत? शाळेतून आल्यावर भुकेच्या वेळी? झोप येऊ लागली की? बहुतेक मुलांच्या दोन-तीन ठरलेल्या वेळा निघतात. दिवसभर ओरडत बसण्यापेक्षा त्या वेळा पकडणं कितीतरी सोपं असतं.

दुसरा हात काय करतो तेही पाहा. कुणी गोधडीचं टोक चोळतं, कुणी आईचा पदर धरतं, कुणी स्वतःचा कान किंवा केस ओढतं. या दोन गोष्टी जोडीने चालतात. गोधडी हातात आली की अंगठा तोंडात जातो. अशा वेळी आधी गोधडी धुवायला टाका, झोपताना तिच्याऐवजी बाहुली किंवा उशी द्या आणि दोन्ही हातांनी कवटाळायला लावा. अंगठ्याचा विषयही न काढता कधी कधी सवय अर्धी कमी होते.

नोंदीतून कारणही कळतं. घरात नवं बाळ आलंय, बालवाडी सुरू झाली, घर बदललं, आई पुन्हा कामावर जाऊ लागली, अशा दिवसांत अंगठा वाढतो. तेव्हा सवय मोडण्याची मोहीम काढू नका. मुलाला जवळ घ्या, ते दिवस जाऊ द्या, मग सुरुवात करा.

४. मुलाला सामील करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. शांत वेळ निवडा. आरशासमोर दोघं बसा, तुमचे मिटलेले दात त्याला दाखवा, मग त्याचे. ‘बघ, माझे दात एकमेकांना भेटतात. तुझे भेटत नाहीत, कारण मध्ये अंगठा असतो. मोठे दात येतील तेव्हा ते सरळ यावेत म्हणून आपण त्याला बाहेर ठेवू या का?’ चार-पाच वर्षांच्या मुलाला हे पुरतं कळतं. ‘हो’ त्याच्या तोंडून येऊ द्या.

घरातल्या सगळ्यांनी एकच भाषा बोलायची. आई समजावतेय, आजोबा ‘एवढा घोडा झाला तरी अंगठा!’ म्हणतायत आणि आत्या फोटो काढून हसतेय, असं झालं तर मूल पांघरुणाखाली तोंड लपवून चोखू लागतं. आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या. त्यांना काम द्या. दुपारची झोप आजीजवळ असेल तर त्या वेळेची गोष्ट आणि हात धरणं आजीकडे. ‘अंगठा गळून पडेल’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ ही वाक्यं घरातून हद्दपार करा. डॉक्टरांची भीती घातलेल्या मुलाला पुढे दातांच्या खुर्चीत बसवणं फार अवघड जातं.

मग एकच वेळ निवडा आणि तीही दिवसाची. उदाहरणार्थ, टीव्ही बघताना अंगठा बाहेर. हातात काहीतरी द्या: मळलेल्या कणकेचा गोळा, मटारच्या शेंगा सोलायला, रंगीत मणी. ती वेळ कोरडी गेली की भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या तारखेवर मुलानेच सूर्य काढायचा. चुकलं तर चौकट रिकामी, फुली नाही. काही सूर्य जमले की बक्षीस: बागेत जास्त वेळ, रात्रीची गोष्ट त्याच्या आवडीची, मामाकडे फेरी. चॉकलेट नको, दातांसाठीच तर हे चाललंय. एक वेळ जमली की दुसरी घ्या.

२०१५ साली कोक्रेन या संस्थेने या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. शाबासकी-बक्षिसाची पद्धत आणि टाळूला बसवायचं उपकरण, हे दोन्ही काहीच न करण्यापेक्षा परिणामकारक ठरले. पुरावा मात्र तोकडा आहे, असंही त्यात नोंदवलं आहे. दुखापत किंवा अपमान न करणारा उपाय आधी करावा, हे मला तरी उघड वाटतं.

५. रात्र

दिवस जमला तरी रात्र उरते. झोपेत मुलाचा हात आपोआप वर जातो, तिथे निश्चय चालत नाही. म्हणून आठवण देणारी वस्तू लागते आणि ती मुलाने स्वतः लावून घ्यायची. ‘रात्री विसरायला होतं ना, म्हणून हा पहारेकरी’ असं सांगा.

पहिला मार्ग सोपा: हातावर सुती पायमोजा किंवा हातमोजा चढवायचा. पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा असेल तर बाहीचं टोक टाके घालून बंद करता येतं. अंगठ्याला चिकटपट्टी लावायची असेल तर मूल चारच्या पुढचं हवं, कारण निघालेली पट्टी झोपेत घशात जाऊ शकते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. कोपराभोवती क्रेप बँडेज सैलसर गुंडाळायचं, कोपराच्या थोडं खालून थोडं वरपर्यंत. हात सरळ असताना काही जाणवत नाही. अंगठा तोंडात घालायला कोपर वाकवला की बँडेज ताणलं जातं आणि झोप लागली की हात आपोआप सरळ होतो. बांधल्यावर बोटांचा रंग बघा. ती थंड किंवा निळसर वाटली तर लगेच सैल करा. बँडेजखाली तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

कडू चवीचं नखांना लावायचं औषध दुकानात मिळतं. वयाची अट वाचा, बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि मुलाला सांगूनच लावा. कडुनिंबाचा पाला किंवा कोरफडीचा कडू चीक हे घरगुती उपाय चालत आले आहेत, पण गुपचूप लावलेला कडूपणा मुलाला फसवणूक वाटतो. मिरची लावू नका. तोच हात डोळ्यात जातो. बिब्बा तर अजिबात नको, त्याने कातडी भाजून निघते. हात बांधून ठेवणंही नको.

अंगठ्याऐवजी चोखणी द्यावी का, असं बऱ्याच जणी विचारतात. चोखणी काढून घेणं सोपं असतं एवढंच; तीन वर्षांपुढे दातांचं नुकसान तीही करते. साखरेत बुडवलेली चोखणी दात किडवते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, चोखणीवरूनही नाही.

६. दातांच्या डॉक्टरांकडे केव्हा

वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील तर वय न बघता जा. चार वर्षांपुढे फट दिसत असेल, पाचव्या वर्षीही सवय जोरात असेल किंवा मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, तरी दाखवा. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात आणि दात त्यानेही बिघडतात. शक्य असेल तर लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ गाठा. मुंबई आणि नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे बालदंत विभाग आहेत आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तर त्यांनाही सांगा.

घरचे उपाय थकले आणि मुलाची स्वतःची इच्छा असली, तर डॉक्टर टाळूशी बसणारी तारेची लहान जाळी लावतात. ती मागच्या दाढांना धातूच्या कड्यांनी पक्की केलेली असते आणि पुढच्या दातांमागे आडवी येते. अंगठा घातला तरी टाळूला टेकत नाही, हवा ओढली जात नाही, चोखण्यातली मजा जाते. पहिले काही दिवस लाळ जास्त येते, बोलणं अडखळतं, मग सवय होते. सुटल्यासारखं वाटलं तरी जाळी काही महिने ठेवतात, नाहीतर अंगठा परत येतो. जबडा अरुंद झाला असेल तर तो रुंद करणारी वेगळी तार लागते.

७. सुटल्यानंतर

लहान वयात सवय सुटली तर पुढची फट पुढच्या काही महिन्यांत हळूहळू मिटू लागते. दर दोन-तीन महिन्यांनी तोच ‘ई’ म्हणतानाचा फोटो काढून ठेवा. फट मिटत नसेल तर बहुधा गिळताना जीभ पुढे रेटायची सवय राहिलेली असते. डॉक्टर त्यासाठी जिभेचे व्यायाम देतात. ताप, प्रवास, परीक्षा अशा वेळी अंगठा दोन दिवस परतला तर कालनिर्णयवर पुन्हा सूर्य सुरू करा, बोलणी नकोत.

सहाव्या वर्षी एकदा डॉक्टरांकडे नक्की न्या, सवय सुटलेली असली तरी. याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात आणि ती किडून जाते. ब्रश तिथपर्यंत पोहोचतोय का, हे रोज रात्री तुम्हीच बघायचं आहे.